गोपाळ गणेश आगरकर : एकट्याच्या मताचें मोल

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या वादविवादसभेंत एक प्रश्न मतास टाकण्यांत आला. एक सोडून बाकीचे सर्व हात एका बाजूस वर झाले. उरलेला एक विद्यार्थी आपलें कारण सांगावयास उभा राहिला, तों बाकें वाजूं लागलीं; त्याचे शब्द कोणाच्याहि कानीं पडले नाहींत व तो खालीं बसला. अध्यक्षाच्या खुर्चीवर मी होतों, आणि वेळ संपत आली म्हणून मीं सभा आटोपती घेतली. बहुमतानें निकाल लागला, तेव्हां लोकशाहीच्या रीतीस धरूनच सर्व झालें, असें बहुतेकांस वाटलें. मला मात्र घरीं जातांना तसें वाटेना. लोकशाही म्हणजे केवळ हातांची मोजणी काय, हा प्रश्न मनांत घोळत असतां ज्या पुरुषाचें चरित्र मीं पुनः वाचलें, त्याची ओळख आज तुम्हांस करून देण्याचें योजिलें आहे. हा पुरुष राजा नव्हता, सेनापति नव्हता. तो एक शिक्षक होता, आणि त्याचें शालेय शिक्षण आपल्या वऱ्हाडांतील अकोल्यास पुरें झालें.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यांत झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. शिकावयाचें तर दुसऱ्याच्या आश्रयास राहावें लागे. कऱ्हाडास राहून थोडें शिक्षण झाल्यावर त्यांनीं पोटासाठीं लहानसहान कामें केलीं. विद्येच्या शोधांत रत्नागिरीपर्यंत जाऊन आले. आणि अखेर नातेवाइकांच्या आधारानें अकोल्यास येऊन राहिले. तेथें विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक त्यांस लाभले. ‘वऱ्हाडसमाचार’ पत्रांत लिहून लेखणीस पहिलें वळणहि तेथेंच लागलें. १८७५ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरून ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. त्या दिवसांत अंगावर एकच सदरा असे व तो रात्रीं धुऊन सकाळीं घालावा लागे, अशी आठवण सांगतात.

याच कॉलेजांत त्यांच्या हातीं जॉन स्टुअर्ट मिल् या इंग्रज तत्त्ववेत्त्याचे ग्रंथ पडले. मिल्‌चा जन्म १८०६ सालचा व मृत्यु १८७३ सालचा. त्यानें लंडनमध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत ३५ वर्षें नोकरी केली, पुढें तीन वर्षें पार्लमेंटांत सभासद म्हणून काम केलें, व १८६७ सालीं स्त्रियांस मताचा हक्क असावा म्हणून तेथें सूचना आणिली. ती अर्थातच नापास झाली. १८५९ सालीं त्यानें स्वातंत्र्याविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील मुख्य विचार असा : राजाचा जुलूम गेला व लोकांचें राज्य आलें, म्हणजे जुलूम संपला असें समजूं नये. बहुसंख्य लोकहि अल्पसंख्यांवर जुलूम करूं शकतात. आणि कायद्यापेक्षां लोकलज्जा, निंदा व बहिष्कार यांचा जुलूम अधिक खोल जातो, कारण तो घरांत व मनांत शिरतो. म्हणून कोणाचेंहि मत दाबून टाकूं नये. तें मत कदाचित् खरें असेल; मग तें दाबल्यानें आपण सत्यास मुकतों. कदाचित् त्यांत सत्याचा एखादाच अंश असेल. तो अंश आपणांस दुसरीकडे मिळणार नाहीं. आणि तें मत सर्वस्वीं चुकीचें असलें, तरी त्याशीं झगडल्यानेंच आपलें खरें मत जिवंत राहतें. एरवीं तें पाठ केलेल्या धड्यासारखें निर्जीव होऊन जातें.

आगरकरांस हा विचार पटला, व तो त्यांनीं केवळ परीक्षेपुरता वाचला नाहीं. कॉलेजांत त्यांचा व बाळ गंगाधर टिळक यांचा स्नेह जमला. दोघांनींहि सरकारी नोकरी न करतां लोकशिक्षणास आयुष्य वाहावें असा निश्चय केला. मोठ्या परीक्षा दिल्यावर मुलास मोठ्या पगाराची जागा मिळेल, अशी आशा धरून बसलेल्या आईस आगरकरांनीं पत्र लिहून कळविलें कीं, पोटापुरतें मिळवून उरलेला सर्व वेळ परहितांत घालविण्याचा आपला संकल्प आहे. पालकहो, तें पत्र वाचून त्या माउलीस काय वाटलें असेल, याची कल्पना तुम्हीच करूं शकाल.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनीं १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. एम. ए. ची परीक्षा देऊन आगरकर पुढील वर्षीं त्यांस मिळाले. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें सुरू झालीं व ‘केसरी’चें संपादकत्व आगरकरांकडे आलें. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींस तेथील कारभारी छळतात, अशा आशयाचा मजकूर या पत्रांतून प्रसिद्ध झाला. परंतु ज्या पत्रांच्या आधारें तो लिहिला होता, तीं बनावट ठरलीं. अब्रूनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं आगरकर व टिळक या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढले. हेतु कितीहि शुद्ध असला, तरी पुरावा पारखून घेतल्याशिवाय छापूं नये, हा धडा त्यांस महाग पडला. तो आपणांस फुकट मिळतो. तुरुंगांतील दिवसांवर आगरकरांनीं एक पुस्तक लिहिलें, व शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ हें रूपांतरहि याच सुमारास सिद्ध केलें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज यांची स्थापना झाली. दोहोंच्या उभारणींत त्यांचा हात होता.

इतकें होईपर्यंत हे मित्र एका वाटेनें चालले होते. परंतु ‘केसरी’ हें एकट्याचें पत्र नव्हतें. राजकीय विषयांत सर्वांचें एकमत असे. बालविवाह, विधवांचें केशवपन, स्त्रीशिक्षण हे विषय निघाले म्हणजे मतें फुटत. आधीं राजकीय हक्क मिळवावे, परकी सरकारास आमच्या घरांत व धर्मांत हात घालूं देऊं नये, ही टिळकांची बाजू होती. आणि पारतंत्र्यांतील लोकांनीं अशी शंका घेणें अगदींच निराधार होतें असें म्हणतां येणार नाहीं. आगरकरांचें म्हणणें असें कीं, ज्या समाजांत आठ वर्षांच्या मुलीस तिच्या आयुष्याविषयीं कोणी विचारीत नाहीं, तो समाज सरकारापाशीं स्वातंत्र्य मागतांना अर्धेंच स्वातंत्र्य मागतो. संपादक असूनहि स्वतःचीं मतें मोकळेपणानें छापतां येत नाहींत, असें दिसल्यावर त्यांनीं १८८७ च्या ऑक्टोबरांत ‘केसरी’ सोडला, व पुढील वर्षीं ‘सुधारक’ हें स्वतंत्र पत्र काढलें. त्याचा इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सांभाळला.

‘सुधारक’ वाचून पुणें खवळलें. मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें व तें एकत्र द्यावें. प्रत्येक रूढीस तिचें कारण विचारावें व कारण न सांगतां आल्यास ती सोडावी. अशीं मतें त्या काळीं उघडपणें मांडणें म्हणजे आगीशीं खेळ होता. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या बाबतींत वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेण्यांत आली. त्या वादांत आगरकरांनीं कायद्याचा पक्ष उचलून धरला. शिव्याशाप तर झालेच. परंतु विरोधकांनीं त्यांच्या जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढली, व ती त्यांस स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी लागली. ज्या लोकांच्या हितासाठीं मनुष्य लिहितो, त्यांनींच त्यास जिवंतपणीं तिरडीवर घालावें, याहून कठीण प्रसंग कोणता? आगरकरांनीं ना लेखणी खालीं ठेविली, ना विरोधकांचीं तोंडें सरकाराकडून बंद करवून घेण्याची खटपट केली. युक्तिवादास युक्तिवादानें उत्तर, एवढें एकच शस्त्र त्यांनीं वापरलें.

वर्गांतील त्यांचें कामहि सुटलें नाहीं. तुम्ही व्याकरणाच्या तासास जें वाक्यपृथक्करण करतां, त्यावर मराठींत त्यांनीं १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा’ हें स्वतंत्र पुस्तक लिहिलें. जो पुरुष समाजास कारण विचारीत असे, त्यानें वाक्यांतील प्रत्येक शब्दासहि तो कशासाठीं आला आहे हें विचारावें, हें त्याच्या स्वभावास साजेसेंच होय. १८९२ सालीं वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. परंतु दम्यानें शरीर आधींच पोखरलें होतें. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, त्यांचा अंत झाला. आपल्या उत्तरक्रियेचा भार दुसऱ्यावर पडूं नये म्हणून त्यांनीं थोडे पैसे पुरचुंडींत बांधून वेगळे ठेविले होते, असें सांगतात. ज्यांच्याशीं इतकीं वर्षें वाद चालला, त्या टिळकांनींच ‘केसरीं’त मृत्युलेख लिहून त्यांच्या बुद्धीचा व स्वार्थत्यागाचा गौरव केला.

ईश्वर व परलोक यांविषयीं आगरकरांची श्रद्धा नव्हती. प्रस्तुत लेखक सश्रद्ध ख्रिस्ती आहे व या बाबतींत त्यांच्याशीं सहमत नाहीं. परंतु जें मत मला मान्य तेवढेंच ऐकावयाचें असेल, तर ऐकण्याचें श्रेय तें काय? उलट, ज्या कारणानें आगरकरांस अश्रद्ध राहण्याची मोकळीक असावी, त्याच कारणानें मला उपासनेची मोकळीक असते. दोहोंचें मूळ एकच आहे.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मिल्‌नें स्वातंत्र्याचें एवढें तत्त्व सांगितलें, परंतु मागासलेल्या समाजांस तें लागू नाहीं, असें त्याच ग्रंथांत लिहून ठेविलें. हिंदुस्थानावरील कंपनीच्या राज्याचें तर त्यानें समर्थनच केलें. आगरकरांनीं गुरूचें तत्त्व घेतलें व गुरूची ही मर्यादा टाकून दिली. तें तत्त्व त्यांनीं पुण्याच्या पेठांतून, सोवळ्या घरांतून, विधवेच्या अंधाऱ्या खोलींतून लागू करून पाहिलें. थोर ग्रंथ कसा वाचावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

पुढें २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत शेवटचें मोठें भाषण करतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनींहि याच मिल्‌चें स्मरण केलें. कितीहि थोर पुरुष असला, तरी आपलें स्वातंत्र्य त्याच्या पायांवर वाहूं नये, असा इशारा त्यांनीं त्याच्या आधारें देशास दिला. आणि सामाजिक समतेवांचून राजकीय लोकशाही टिकणार नाहीं, हेंहि बजावलें. ज्यांची दीक्षाभूमि आपल्या या नागपुरांत आहे, त्यांचा हा इशारा आपण तरी विसरूं नये. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या घटनेनें भाषणस्वातंत्र्य व सद्‌सद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिलें आहे. परंतु बाकें वाजवून एकट्याचा आवाज बुडविण्यास कोणताहि कायदा आड येत नाहीं. तेथें आपली संवयच उपयोगी पडते, आणि ती संवय घरीं व शाळेंतच लागावयाची असते. १९८९ सालापासून मताधिकाराचें वय २१ वरून १८ वर आलें आहे. म्हणजे तुमच्यापैकीं वरच्या वर्गांतील मुलामुलींस फार दिवस थांबावयाचें नाहीं. मत कसें द्यावें हें त्या दिवशीं कोणीहि सांगेल. न पटणारें मत कसें ऐकावें, हें मात्र आजपासूनच शिकावें लागेल.

म्हणून यंदापासून आपल्या वादविवादसभेंत एक लहानसा नियम केला आहे. ज्या बाजूस सर्वांत कमी हात वर होतील, त्या बाजूच्या वक्त्यास शेवटचीं पांच मिनिटें मिळावीं, व तेवढा वेळ कोणीहि बाकास हात लावूं नये. नियमाखालील पहिल्या सभेंत तो मागील वर्षींचा विद्यार्थी पुनः बोलला. मतें याहि वेळीं त्याच्या विरुद्धच पडलीं. परंतु त्याचें म्हणणें या वेळीं सर्वांच्या कानीं पडलें.