हातचे राखून न देणारे टिळक

मंडळीत दानाविषयी बोलणे निघाले म्हणजे बहुतकरून वर्गणीची वही डोळ्यांपुढे उभी राहते. कोणी किती दिले, कोणाची बाकी राहिली, याचा हिशेब होतो आणि विषय तेथेच संपतो. वहीचे काम आहेच. परंतु खरे दान वहीत मावत नाही. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट कळते असे एक पुरुष आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मास आले. त्यांची भजने खेड्यापाड्यांतील मंडळ्या प्रेमाने गातात. चरित्र मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक यांजविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी दापोली तालुक्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक होत्या, आणि भक्तीची व काव्याची गोडी मुलास त्यांच्यापासूनच लागली. टिळक लहान असतानाच ही माउली वारली. मग त्यांनी घर सोडून नाशिकची वाट धरिली व तेथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाला. याच त्या लक्ष्मीबाई. टिळकांनी गावोगाव निरनिराळी कामे केली, कवी व वक्ते म्हणून नाव मिळविले. पण मनाला शांती नव्हती.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचावयास घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते तेथेच खिळून राहिले. आपल्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांस तेथे सापडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वाचकहो, त्यांचे पहिले मोठे दान हेच होय. त्या दिवशी त्यांच्या हाती पैसा नव्हता; पण जे होते ते सर्व गेले. उपजीविका गेली, जात गेली, आप्तइष्ट दुरावले. सर्वांत कठीण गोष्ट ही की, लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू हीही अंतरली. चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. या काळात लक्ष्मीबाईंनी सोसले तेही थोडे नव्हते. आणि त्यांनी तर हा त्याग आपण होऊन निवडिलेला नव्हता. अखेर त्या पतीकडे आल्या, त्यांनी स्वतः शोध केला, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे टिळकांचे कार्यक्षेत्र झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाखाली त्यांनी तेथे शिकविले, उपदेश केला, लेखन केले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या हाती पैसा म्हणून ठरत नसे. मागणारा दारी आला की जे असेल ते त्याचे. अनाथ व गरजू मुलांस घर मिळाले ते टिळकांचेच. बालकवी ठोमरे यांस त्यांनी काही काळ पोटच्या मुलाप्रमाणे आपल्या घरी ठेवून घेतले.

ही हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथातून आम्हांस कळते, आणि त्यांनी ती गोड करून सांगितलेली नाही. धनी उदार झाला म्हणजे रिकामा डबा घरधनिणीस दिसतो. दात्याचे नाव होते. चूल कशी पेटवावी ही चिंता दुसरीच वाहते. म्हणून आमचे असे मत आहे की, घरातील पीठ उचलून देताना पुरुषाने आधी घरच्या माणसांस विचारावे. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला वधस्तंभ आपला म्हणून मिरविणे बरे नव्हे. टिळकांच्या घरी हे दान अखेर दोघांचे झाले, कारण लक्ष्मीबाईंनी तो भार पुढे आपल्या मनाने उचलिला. परक्यांच्या लेकरांच्या त्या आई झाल्या.

टिळकांचे दुसरे दान त्यांच्या वाणीचे होय. ज्या प्रतिभेने विद्वानांच्या सभेत मान मिळाला असता, ती त्यांनी लहान लहान मंडळ्यांच्या भजनासाठी खर्चिली. परक्या चालींची भाषांतरित गीते गाणाऱ्या लोकांस त्यांनी अभंग दिला, ओवी दिली, टाळमृदंगावर गाता येईल असे ख्रिस्तस्तवन दिले. 'उपासनासंगीत' या पुस्तकात त्यांची भजने शेकड्याने मोजावी इतकी आहेत. आपल्याजवळचे उत्तम तेच त्यांनी प्रभूस वाहिले.

तिसरे दान आयुष्याच्या उतरणीवर झाले. १९१७ साली, वयाच्या ५५व्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. या वयात माणूस म्हातारपणाची तरतूद पाहतो. यांनी असलेली तरतूद सोडून संन्यासवृत्ती स्वीकारिली. भगवी वस्त्रे घेऊन साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी तेथे भाऊ म्हणून एकत्र यावे, हा त्यांचा हेतु होता. पगारी उपदेशकाचे शब्द पगारासाठीच असतात, असा संशय लोकांच्या मनात राहू नये, आणि ख्रिस्त या देशाच्या लोकांस आपला वाटावा, ही तळमळ त्यामागे होती.

हे कार्य फार दिवस चालले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांनी आरंभिलेले महाकाव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढील अध्याय रचून ते फार मोठ्या अंशी पुरे केले. ज्यांस एकदा टिळकांच्या त्यागाने पोळले होते त्यांनीच त्यांचे दान पुढे चालविले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

यावरून कोणा उपदेशकाने किंवा मास्तराने आपला पगार सोडून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. कामकरी आपल्या वेतनास योग्य आहे, हे शास्त्रच सांगते. परंतु प्रत्येकाने स्वतःस एवढे विचारावे की, मी देतो ते उरलेल्यातून की असलेल्यातून? विधवेच्या दोन टोल्या प्रभूने मोठ्या मानिल्या, कारण त्यानंतर तिच्यापाशी काही उरले नव्हते. कोकणातली गरीब बाई भात शिजविताना एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढते, तेव्हा तीही याच वाटेने चालते. कोणापाशी धान्य असेल, कोणापाशी गळा, कोणापाशी आजाऱ्याजवळ बसावयास एक रात्र. काय द्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र घरच्यांस बरोबर घेऊन द्यावे, आणि देताना हातचे राखू नये.