कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १९११ – १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. कडधान्यांतील प्रथिने आणि त्यांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये हा त्यांच्या संशोधनाचा महत्त्वाचा विषय होता. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या ज्येष्ठ भगिनी होत.

शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव हे रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री असल्यामुळे संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर त्यांना एक वर्षाच्या परीक्षाकाळासह अटींवर प्रवेश मिळाला. त्यांच्या कामानंतर त्या संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेत सायटोक्रोम-सी या प्रथिनाचा सहभाग त्यांनी दाखवला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

संशोधन

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

अन्नातील प्रथिनांचे लहान घटकांत विघटन केल्याशिवाय शरीर त्यांचा उपयोग करू शकत नाही. स्वादुपिंडात तयार होणारे ट्रिप्सिन हे विकर लहान आतड्यात हे काम करते. काही कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिन-निरोधक म्हणतात. कच्च्या दाण्यात प्रथिने विपुल असूनही त्यांचा लाभ कमी मिळतो, याचे हे एक कारण होय. कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांतील निरोधक स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुरेशा उष्णतेने यांपैकी बहुतेक निरोधक निष्प्रभ होतात. त्यामुळे कडधान्य भिजवून नीट शिजवण्याच्या घरगुती रीतीला शास्त्रीय आधार आहे. मांस-दूध न परवडणाऱ्या कुटुंबांचे पोषण डाळी-कडधान्यांवर अवलंबून असल्याने या संशोधनाला सामाजिक महत्त्वही होते. नीरा या पेयावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

उत्तरायुष्य

विज्ञान संस्थेच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती विलंबाने झाली. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्या सक्रिय होत्या. भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.