मुलाला युद्धावर जायची परवानगी आईनेच मिळवून दिली, आणि त्याचं स्मारक घडवायला तिला १८ वर्षं लागली

बेल्जियमच्या पश्चिम भागात व्लाड्स्लो नावाचं एक छोटं गाव आहे. गावाबाहेरच्या झाडीत पहिल्या महायुद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. गवतात सपाट दगडी लाद्या बसवलेल्या आहेत आणि एकेका लादीवर ओळीने नावं कोरलेली आहेत. असे २५,६४४ सैनिक इथं पुरलेले आहेत.

युद्धस्मारक म्हटलं की कमान, उंच स्तंभ, बंदूक धरून उभा असलेला जवान असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथं त्यातलं काहीच नाही. दफनभूमीच्या मागच्या बाजूला करड्या ग्रॅनाइटच्या दोन मूर्ती आहेत, एक पुरुष आणि एक बाई. दोघंही गुडघे टेकून बसलेले. पुरुष ताठ आहे, स्वतःच्याच हातांनी स्वतःला आवळून धरल्यासारखा. बाई पुढे पार वाकलेली आहे. दोघं शेजारी असले तरी चौथरे वेगळे आहेत आणि ते एकमेकांकडे बघतही नाहीत. या शिल्पाचं नाव ‘शोकाकुल आईवडील’.

त्यांच्या समोरच्या लादीवरच्या नावांमध्ये एक नाव आहे पेटर कोलविट्झ. वय वर्षं १८. हे शिल्प घडवणाऱ्या केटे कोलविट्झ या त्याच्या आई.

केटेचा जन्म ८ जुलै १८६७ चा, क्योनिग्सबर्गचा. तेव्हा हे शहर प्रशियात होतं, आज ते कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. घर चारचौघांसारखं नव्हतं. आईचे वडील युलियुस रुप हे धर्मगुरू होते, पण अधिकृत चर्चशी त्यांचं पटलं नाही आणि त्यांनी स्वतःचा स्वतंत्र पंथ काढला. केटेचे वडील कार्ल श्मिट कायदा शिकले होते. आपल्या राजकीय मतांमुळे सरकारी नोकरीत आपला निभाव लागणार नाही हे ओळखून ते गवंडीकामात शिरले आणि घरं बांधू लागले.

मुलीचा हात चित्रकलेत चालतो हे वडिलांनीच आधी हेरलं. त्या काळी जर्मनीतल्या मोठ्या कला अकादमींमध्ये मुलींना प्रवेश नसे. म्हणून त्यांनी तिला आधी गावातल्या एका ताम्रपट कोरणाऱ्या कारागिराकडे शिकायला पाठवलं आणि पुढे बर्लिन आणि म्युनिकला मुलींसाठीच्या वेगळ्या शाळांमध्ये. १८९१ मध्ये केटेचं लग्न कार्ल कोलविट्झ या डॉक्टरशी झालं आणि दोघं बर्लिनच्या कामगार वस्तीत राहायला आले. कार्ल शिंपी कामगारांच्या आजारपण-निधीचे डॉक्टर होते. दवाखाना घरातच होता. त्यामुळे केटे यांच्या चित्रांतल्या थकलेल्या बायका, आजारी पोरं आणि बेकार नवरे हे सगळे रोज त्यांच्याच जिन्याने चढून वर येत असत.

१८९२ मध्ये हान्स झाला आणि १८९६ मध्ये पेटर.

याच काळात त्यांनी विणकरांच्या उठावावर छापचित्रांची मालिका केली. गेरहार्ट हाउप्टमान यांचं त्याच विषयावरचं नाटक बघून ती सुचली होती. १८९८ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी या मालिकेला सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस केली. कैसर दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. पदक हुकलं, पण केटे कोलविट्झ हे नाव जर्मनीभर झालं.

पुढे जे घडलं ते माहीत असल्यावर या काळातलं एक चित्र बघवत नाही. १९०३ मध्ये त्यांनी मेलेल्या मुलाला छातीशी कवटाळून बसलेल्या आईचं एचिंग केलं. त्यासाठी सात वर्षांच्या पेटरला मांडीवर घेऊन त्या आरशासमोर बसल्या आणि स्वतःकडे बघत त्यांनी ते चित्र काढलं.

आता येऊ १९१४ कडे.

ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं तेव्हा पेटर मित्रांबरोबर नॉर्वेत भटकंतीला गेला होता. पोरं तशीच घरी परतली आणि भरती व्हायला निघाली. पेटर अठरा वर्षांचा होता. कायद्याने तो अजून सज्ञान नव्हता, त्यामुळे भरतीसाठी वडिलांची संमती लागणार होती. कार्ल यांनी साफ नकार दिला. बोलावलेलं नसताना जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पेटरने आईकडे बघितलं. केटे उठल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे मुलाची रदबदली केली. कार्ल यांनी संमती दिली.

केटे युद्धखोर नव्हत्या. घर समाजवादी विचारांचं होतं. पण देशासाठी सर्वस्व द्यावं ही त्या उन्हाळ्याची हवा होती आणि ती समाजवाद्यांच्या घरातही शिरली होती. मुलगा एवढ्या श्रद्धेने काही मागतोय तर आपण आडवं यायचं का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी त्याचं उत्तर दिलं आणि पुढची तीस वर्षं त्या उत्तराशी झगडत राहिल्या.

पेटरची तुकडी अशाच नव्या पोरांची होती. जेमतेम दोन महिन्यांचं प्रशिक्षण झालेलं. ऑक्टोबरच्या मध्यावर ती बर्लिनहून निघाली आणि थेट फ्लँडर्सच्या आघाडीवर पोचली. २२ ऑक्टोबरच्या रात्री डिक्समाउडे गावाजवळ पेटर मारला गेला. घर सोडून त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. बर्लिनला बातमी पोचली ३० ऑक्टोबरला.

त्याच दिवसांत तिथून साधारण पन्नास किलोमीटर दक्षिणेला, फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावात पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या सॅपर्सच्या दोन कंपन्या लढत होत्या. २८ ऑक्टोबरच्या हल्ल्यात त्यांचीही अतोनात हानी झाली. फ्लँडर्समधल्या त्या आठवड्याची झळ खडकीपर्यंत अशी पोचली होती.

केटे यांनी पेटरची खोली आहे तशी ठेवली. त्या तिथं जाऊन बसत. आणि डिसेंबर १९१४ मध्येच, म्हणजे बातमी आल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, त्यांनी ठरवलं की त्याचं स्मारक आपण करायचं.

तेव्हा त्यांच्या मनातलं स्मारक अगदी वेगळं होतं. मध्ये पेटर आडवा पसरलेला, उशाशी वडील आणि पायथ्याशी आई. जागा बर्लिनजवळ, हाफेल नदीच्या काठावरच्या उंचवट्यावर. स्वतःहून भरती होऊन प्राण दिलेल्या सगळ्याच तरुणांचं ते स्मारक व्हायचं होतं. थोडक्यात, बलिदानाचं स्मारक, त्या काळी युरोपभर ज्या अर्थाने उभारली जाणार होती तसंच.

काम सुरू झालं आणि अडलं. मूर्ती मनासारखी होईना. केटे मूळच्या छापचित्रकार, शिल्पाकडे त्या चाळिशीच्या आसपास वळल्या होत्या, हे एक कारण झालं. खरी अडचण वेगळी होती. युद्ध लांबत गेलं तसा त्यांचा युद्धावरचा विश्वास उडत गेला. १९१६ पर्यंत त्यांच्या रोजनिशीत प्रश्न उमटू लागले होते. दोन्हीकडची पोरं सारख्याच श्रद्धेने गेली आणि एकमेकांना मारत सुटली, म्हणजे या सगळ्यांना फसवलं गेलं का? आणि आपल्याला आता हे युद्ध वेडेपणा वाटत असेल, तर ज्या श्रद्धेपायी पेटर मेला त्या श्रद्धेशी आपण बेइमानी करतोय का? मुलाचं मरण व्यर्थ होतं असं म्हणणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं. ते सार्थ होतं म्हणावं तर ते खोटं. या कात्रीत अडकलेल्या माणसाच्या हातून बलिदानाचा पुतळा होणार कसा?

ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनी हरत आलेला असताना कवी रिखार्ड डेमेल यांनी लढू शकणाऱ्या सगळ्यांनी शेवटचं एकदा स्वतःहून पुढे यावं असं आवाहन केलं. केटे यांनी समाजवादी पक्षाच्या ‘फोरवेर्ट्स’ या वृत्तपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिलं. आता पुरे झालं, आणखी एकाही तरुणाने मरू नये, असा त्याचा आशय होता. गटेचं एक वचन आधाराला घेऊन त्यांनी लिहिलं की पेरणीसाठी राखलेलं धान्य दळायचं नसतं. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणाऱ्या शेतकऱ्याला यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं.  त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांनी पेटरचं अर्धवट शिल्प थांबवलं. आपण परत येऊ, हे काम पुरं करू, असं मात्र त्यांनी मुलाला उद्देशून रोजनिशीत नोंदवून ठेवलं.

शिल्प बंद असताना काष्ठछापचित्रं झाली. ‘युद्ध’ नावाची सात चित्रांची ही मालिका १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिच्यात रणांगण नाही, तोफा नाहीत, शत्रूही नाही. पहिल्याच चित्रात एक आई आपलं तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे करून अर्पण करते आहे. दुसऱ्यात मृत्यू ढोल बडवत पुढे निघाला आहे आणि भारावलेली पोरं त्याच्या मागे. मृत्यूच्या सर्वात जवळचा पोरगा पेटर आहे. पहिल्या चित्रातली आई कोण, हे वेगळं सांगायला नको.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर त्या पुन्हा स्मारकाकडे वळल्या. आता मात्र त्यांनी मधली आकृती काढूनच टाकली. मुलगा नाही. उरले फक्त आईवडील.

हा बदल लहान नाही. पेटरची आकृती असती तर बघणाऱ्याने त्याच्या शौर्यापुढे मान झुकवली असती. ती काढल्यावर उरली ती त्याला पाठवणारी माणसं, तीही गुडघ्यावर.

जून १९२६ मध्ये केटे आणि कार्ल पहिल्यांदा बेल्जियमला पेटरच्या कबरीवर गेले. तेव्हा ती डिक्समाउडेजवळच्या रोगेवेल्डे इथल्या छोट्या दफनभूमीत होती. लाकडी क्रूसांच्या रांगांमध्ये त्यांनी मुलाचं नाव शोधलं आणि मूर्ती कुठे बसतील ते बघून घेतलं. पुढची पाच वर्षं प्लास्टरमध्ये काम चाललं. बाईला केटे यांचा चेहरा आला आणि पुरुषाला कार्ल यांचा. त्यावरून दोन कसबी पाथरवटांनी बेल्जियन ग्रॅनाइटमध्ये मूर्ती कोरल्या.

१९३२ च्या उन्हाळ्यात आधी बर्लिनमध्ये लोकांनी त्या पाहिल्या आणि जुलैमध्ये त्या रोगेवेल्डेला बसवल्या गेल्या. शेवटच्या दिवशी केटे दगडातल्या स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभ्या राहिल्या, रडल्या आणि त्या मूर्तीच्या गालांवरून त्यांनी हात फिरवला. कार्ल त्यांच्या मागेच उभे होते.

सहा महिन्यांनी हिटलर सत्तेवर आला.

१९३३ च्या निवडणुकीआधी नाझींविरुद्ध समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांनी एक व्हावं या जाहीर पत्रकावर सही केल्यामुळे केटे यांना अकादमी सोडावी लागली. १९३६ मध्ये गेस्टापोचे लोक घरी आले आणि छळछावणीची धमकी देऊन गेले. त्यानंतर पतीपत्नीने तशी वेळ आलीच तर जीव द्यायचा असं ठरवून ठेवलं होतं. जर्मनीतल्या प्रदर्शनांमधून त्यांची कामं काढून टाकली गेली. ग्रॅनाइटचे आईवडील मात्र बेल्जियममध्ये होते आणि तिथंच राहिले.

१९४० मध्ये कार्ल वारले. हान्सने आपल्या मुलाचं नाव भावाच्या आठवणीने पेटर ठेवलं होतं. तो नातूही सैन्यात गेला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये रशियात रझेव्हच्या आघाडीवर मारला गेला. त्याच सुमारास केटे यांनी शेवटची लिथोग्राफ केली. तिच्यात एक म्हातारी बाई आपल्या कोटाखाली तीन मुलांना दाबून धरते आहे, मुलं बाहेर पडायला धडपडताहेत आणि ती सोडत नाही. शीर्षकाला त्यांनी पेरणीच्या धान्याचं तेच वचन वापरलं.

१९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे त्यांनी बर्लिन सोडलं. नोव्हेंबरमध्ये पन्नास वर्षांचं ते घर जळालं. ड्रेस्डेनजवळच्या मोरिट्सबुर्ग इथं २२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचं निधन झालं. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा सोळा दिवस बाकी होते.

१९५० च्या दशकात बेल्जियममधल्या विखुरलेल्या जर्मन दफनभूमी एकत्र करण्यात आल्या. तेव्हा पेटर आणि त्याच्यामागोमाग त्या दोन मूर्ती व्लाड्स्लोला आल्या. १९९३ मध्ये एकत्र झालेल्या जर्मनीने बर्लिनच्या ‘नोये वाखे’ या राष्ट्रीय स्मारकात त्यांचंच मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेल्या आईचं छोटं शिल्प बरंच मोठं करून बसवलं. त्यावरून वादही झाला. छळछावण्यांत मारलेले ज्यू आणि लढताना मेलेले जर्मन सैनिक यांना एकाच आईच्या मांडीवर कसं ठेवता, असा आक्षेप होता. तो चुकीचा म्हणता येत नाही. केटे यांनी ते शिल्प एका देशासाठी नव्हे, एका मुलासाठी केलं होतं.

‘शोकाकुल आईवडील’च्या प्रतिकृतीही झाल्या. एक कोलोनमध्ये बॉम्बहल्ल्यात पडलेल्या चर्चच्या भिंतींमध्ये आहे. दुसरी २०१४ मध्ये रशियात रझेव्हच्या जर्मन दफनभूमीत बसवली गेली, नातू पेटर ज्या आघाडीवर पडला होता तिथं.