हेलन केलर

हेलन ॲडम्स केलर (जन्म : टस्कंबिया, अलाबामा, २७ जून १८८०, मृत्यू : ईस्टन, कनेक्टिकट, १ जून १९६८) या अमेरिकन लेखिका, वक्त्या आणि अपंगांच्या हक्कांच्या पुरस्कर्त्या होत्या. दृष्टी व श्रवण ही दोन्ही ज्ञानेंद्रिये निकामी असताना पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती मानल्या जातात. पंपाखाली हात धरून पाणी हा शब्द शिकणारी मुलगी म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. मात्र तो प्रसंग त्यांच्या वयाच्या सातव्या वर्षीचा आहे. अंधांना मिळणारे साहाय्य दात्यांच्या मर्जीवर न राहता शासनाच्या जबाबदारीत यावे, यासाठी त्यांनी पुढे दीर्घकाळ केलेले काम त्या मानाने अल्पज्ञात राहिले आहे.

बालपण

केलर यांचे वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन होते व नंतर स्थानिक वृत्तपत्राचे संपादक झाले. आईचे नाव केट. एकोणीस महिन्यांच्या असताना आलेल्या तीव्र तापात हेलन यांची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. त्या आजाराचे निश्चित निदान कधीच झाले नाही. घरच्यांशी त्या स्वतः रचलेल्या खुणांनी बोलत. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन हिला त्या खुणा चांगल्या कळत. शिक्षिका येण्यापूर्वी हेलन मुक्या व रानटी होत्या, हे नाटक-चित्रपटांनी रूढ केलेले चित्र म्हणूनच अपुरे आहे.

चार्ल्स डिकन्स यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात केट यांनी लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीच्या शिक्षणाची हकिगत वाचली होती. त्या आशेवर केलर कुटुंबाने बॉल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञांची व पुढे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची भेट घेतली. बेल यांनी त्यांना बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे पाठवले. त्या शाळेने धाडलेल्या ॲन सुलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी टस्कंबियास पोहोचल्या.

ॲन सुलिव्हन

सुलिव्हन त्या वेळी अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. खुपरीच्या विकाराने बालपणीच त्यांची दृष्टी अधू झाली होती. आई वारल्यावर त्यांना व त्यांच्या धाकट्या भावाला मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथालयात ठेवण्यात आले. निराधार, रुग्ण व मनोरुग्ण अशा सर्वांना तेथे एकत्रच डांबले जाई. भाऊ काही महिन्यांतच तेथे मरण पावला. १८८० साली पर्किन्समध्ये प्रवेश मिळाल्यामुळे ॲन यांची सुटका झाली. आधार मिळणे व न मिळणे यांतील अंतर त्यांनी स्वतः भोगले होते. केलर यांच्या पुढील भूमिकेचे एक मूळ येथेही शोधता येते.

हेलन यांच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर लिहून सुलिव्हन यांनी शिकवण्यास आरंभ केला. ५ एप्रिल १८८७ रोजी पंपाच्या धारेखाली वस्तू व शब्द यांचा संबंध हेलन यांना उमगला.

शिक्षण

पर्किन्स, न्यू यॉर्कमधील बधिरांची शाळा व केंब्रिजची मुलींची शाळा असे टप्पे पार करून केलर यांनी १९०० मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळी इंग्रजी भाषेत अंधांसाठी एकाच वेळी अनेक उठावदार लिप्या प्रचारात होत्या आणि एका लिपीत छापलेले पुस्तक दुसरी शिकलेल्यास वाचता येत नसे. प्रवेशपरीक्षेत बीजगणिताची प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये आली. केलर यांचा सराव इंग्लंडमधील चिन्हांचा असल्याने, विषय येत असूनही त्यांची मोठी अडचण झाली. एकाच लिपीचा आग्रह त्यांनी पुढे सतत धरला; इंग्रजीसाठी प्रमाण ब्रेल १९३२ मध्ये निश्चित झाली.

महाविद्यालयात प्राध्यापकांची व्याख्याने सुलिव्हन त्यांच्या हातावर उतरवून देत. १९०३ मध्ये ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९०४ मध्ये केलर सन्मानासह पदवीधर झाल्या.

राजकीय विचार व वाद

१९०६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगावर केलर यांची नेमणूक झाली. अंधत्वाच्या कारणांचा अभ्यास करताना त्यांना दारिद्र्य, कारखान्यांतील अपघात व वेळेवर न मिळणारे उपचार यांचा संबंध दिसू लागला. मातेच्या गुप्तरोगामुळे नवजात अर्भकास येणारे अंधत्व सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांनी टाळता येत असे. परंतु त्याचा उच्चारही अशिष्ट समजला जाई. १९०७ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या महिलांच्या मासिकात त्यांनी याविषयी उघडपणे लिहिले. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षाच्या सदस्य झाल्या. त्यांचे कौतुक करणारी काही वृत्तपत्रे तेव्हापासून त्यांच्या मतांचा दोष त्यांच्या अपंगत्वावर टाकू लागली. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देऊ केलेले निवृत्तिवेतन त्यांनी आधी नाकारले व १९१३ मध्ये, सुलिव्हन यांची प्रकृती ढासळल्यावर, स्वीकारले.

१९१५ मध्ये शिकागोतील एका शल्यचिकित्सकाने गंभीर व्यंग असलेल्या अर्भकावर शस्त्रक्रिया नाकारली. केलर यांनी त्याची लेखी पाठराखण केली व असे निर्णय डॉक्टरांच्या पंचमंडळाने घ्यावेत असे सुचवले. सुप्रजननाच्या तत्कालीन विचारांचा हा प्रभाव होता. त्यांच्या एकूण जीवनकार्याशी ही भूमिका विसंगत आहे आणि अनेक चरित्रांत ती गाळली जाते. बेल यांच्या प्रभावाखाली त्यांनी बधिरांच्या खुणांच्या भाषेपेक्षा वाचाशिक्षणाला दिलेले महत्त्वही टीकेचा विषय झाले.

१९१६ मध्ये त्यांचा सचिव पीटर फॅगन याच्याशी विवाह करण्याचा केलर यांचा विचार होता. घरच्यांनी तो मोडून काढला. त्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या.

अंधांसाठीचे कार्य

१९२० ते १९२४ या काळात केलर व सुलिव्हन यांनी उपजीविकेसाठी विविध-मनोरंजनाच्या रंगमंचावर कार्यक्रम केले. १९२४ पासून ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेसाठी त्या निधी गोळा करू लागल्या आणि हे नाते अखेरपर्यंत टिकले. १९२५ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथील अधिवेशनात त्यांनी लायन्स क्लबला अंधांचे कार्य हाती घेण्याचे आवाहन केले. क्लबची नेत्रशिबिरे आज भारतात गावोगाव परिचित आहेत.

निधीसंकलनाइतकेच महत्त्व त्यांनी कायद्याला दिले. १९३१ च्या कायद्याने ब्रेल पुस्तकांसाठी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला दरवर्षी १ लाख डॉलर मंजूर झाले, त्यासाठी केलर यांनी संसदीय समितीपुढे बाजू मांडली होती. बोलक्या पुस्तकांना मात्र, मंदीच्या काळातील चैन म्हणून, त्यांनी आरंभी विरोध केला व नंतर तो सोडला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात गरजू अंधांच्या अर्थसाहाय्यासाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. १९४४ मध्ये संसदीय समितीसमोर त्यांनी कृष्णवर्णीय अंध आणि अंध-बधिर या दोन उपेक्षित गटांची बाजू मांडली.

सुलिव्हन १९३६ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर पॉली थॉमसन या त्यांच्या सोबती व दुभाषी होत्या. दुसऱ्या महायुद्धात केलर यांनी लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांना भेटी दिल्या आणि १९४६ नंतर जगभर दौरे केले.

भारतभेट

१९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आशिया खंडात सुमारे ४० हजार मैलांचा प्रवास केला. त्यात भारताचाही समावेश होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांनी त्यांचा परिचय करून घेतला. मुंबईतील ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था तेव्हा स्थापन होऊन तीनच वर्षे झाली होती.

अखेरची वर्षे

१९६० मध्ये थॉमसन यांचे निधन झाले. १९६१ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर केलर सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाल्या. १९६४ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक देण्यात आले. अंध-बधिरांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारण्यास अमेरिकी संसदेने १९६७ मध्ये मान्यता दिली. ते केंद्र आज केलर यांच्या नावाने चालते. त्यांच्या अस्थी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये सुलिव्हन व थॉमसन यांच्या अस्थींशेजारी ठेवल्या आहेत. मुंबईत १९७७ पासून अंध-बधिर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेस ‘हेलन केलर इन्स्टिट्यूट’ असे नाव देण्यात आले.