मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर

पुण्याला शनिवारवाडा आहे. तिथे पेशवे राहत असत. दुसरे बाजीराव १७९६ साली पेशवे झाले आणि १८१८ पर्यंत त्यांचे राज्य होते. त्यांच्या वेळी पुण्यात बाळंभटदादा देवधर होऊन गेले. ते बाजीरावांना व्यायाम शिकवीत. त्यांना मल्लखांबाचे आद्यगुरू म्हणतात.

त्यांची एक गोष्ट जुनी माणसे सांगत आली आहेत. एकदा अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान हैदराबादेकडून पुण्याला आले. दोघे चांगले धिप्पाड होते. गावोगावच्या कुस्त्या त्यांनी जिंकल्या होत्या. आमच्याशी कुस्ती खेळा, नाहीतर आम्ही जिंकलो असे लिहून द्या, असे त्यांनी पेशव्यांना सांगितले. दरबारात कुणी पुढे येईना. लिहून दिले तर सगळ्या पुण्याची मान खाली जाणार होती. तेव्हा बाळंभट उठले. त्यांचे वय लहान होते. त्यांनी आव्हान घेतले, पण तयारीला मुदत मागितली.

मग ते नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे त्यांनी देवीची उपासना केली. कुणी सांगतात, तिथे मारुतीरायाने त्यांना डाव शिकवले. कुणी सांगतात, झाडावर खेळणारी माकडे बघून त्यांना युक्ती सुचली. मला माकडांची गोष्ट जास्त आवडते. माकडे तर आपण सगळेच बघतो, पण नीट बघून शिकतो कोण? माकड खोडाला हातापायांनी कसे पकडते, उलटे कसे होते, एका झटक्यात कसे सुटते, हे दादांनी ध्यानात ठेवले. मग लाकडी खांबावर तसेच करून बघितले. खांब म्हणजे समोरचा पैलवानच. पण हा पैलवान कधी दमत नाही आणि कधी चिडत नाही. पुण्याला परत आल्यावर दादांनी अलीला चीत केले. ते बघून गुलाब कुस्तीला उतरलाच नाही.

खांबावरची कसरत त्याच्या आधीही होती. ११३५ च्या सुमारास सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' नावाच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. पण मधल्या काळात लोक ती विसरले होते. दादांनी ती परत जिवंत केली.

कुस्ती जिंकली म्हणून दादा मोठे झालेच. पण मला वाटते, त्यांचे खरे मोठेपण पुढेच आहे. त्यांनी आपली विद्या लपवून ठेवली नाही. त्यांनी शिष्य तयार केले. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे नावाजलेले शिष्य. शिष्यांनी पुढे आणखी शिष्य केले. १८१८ ला पेशवाई गेली, पण मल्लखांब गेला नाही. तो काशीपर्यंत पोचला.

मल्लखांब सागाच्या किंवा शिसवाच्या लाकडाचा असतो. तो जमिनीच्या वर सुमारे साडेआठ फूट असतो. खाली जाड, वर निमुळता, मग मान आणि टोकाला गोल बोंड. त्याला एरंडेल तेल लावतात, म्हणजे अंग खरचटत नाही.

शिकवताना मुलांना एकदम वर चढवत नाहीत. आधी मल्लखांबाला सलामी करायची. मग साधी अढी. खांब हातांनी नीट धरायचा, पाय वर उडवायचे आणि पायांत खांब पकडायचा. डोके खाली, पाय वर! पहिल्यांदा पोटात गोळा येतो. खाली गादी असते आणि गुरुजी कमरेला हात देतात. एका बाजूने अढी जमली की दुसऱ्या बाजूने करायची, नाहीतर एकच हात शहाणा होतो. त्यानंतर तेढी, दसरंग, फरारे, आसने आणि उड्या. सगळे जमले की एकाला एक जोडायचे. त्याला संच म्हणतात. संच चालू असताना मध्ये थांबायचे नाही, आणि उतरताना दोन्ही पायांवर तोल सांभाळून उभे राहायचे. म्हणजे मोठा मल्ल झाला तरी तो अढीच्या पायरीवरूनच वर गेलेला असतो.

पूर्वी वेताचाही मल्लखांब होता. चांगला वेत मिळेनासा झाला, म्हणून दोर आला. दोरीच्या मल्लखांबावर मुली फार सुंदर आसने करतात. टांगता मल्लखांबसुद्धा असतो. तो फिरतो, म्हणून जास्त अवघड.

१९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसे जर्मनीत बर्लिनला गेली होती. त्यांनी तिथे आपले खेळ करून दाखवले. २०१९ साली मुंबईला शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशातली मुले मराठी नावाच्या अढ्या मारत होती. दादांनी हे बघितले असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता!

मुलांनो, धिप्पाड माणसाला बघून दादा घाबरले नाहीत आणि घाईही केली नाही. मुदत मागितली, बघून शिकले, रोज सराव केला आणि दुसऱ्यांना शिकवले. आपल्या वर्गात कुणी बारीक असेल, कुणाला कोलांटउडी येत नसेल, तर त्याला हसू नका. त्याला हात द्या. हीच दादांची खरी आठवण आहे.

— इयत्ता ४ थी