विश्लेषण : केबलमधील परतीचा प्रकाश आणि जगदीशचंद्र बोस

शनिवार पेठेसारख्या दाट वस्तीत केबलच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातात. टीव्हीसाठी टाकलेले हे जाळे इंटरनेटसाठीही वापरले जाते. तेव्हा घरातील संदेश उलट दिशेने, नियंत्रण कक्षाकडे जातो. वाटेत त्याचा प्रकाश होतो आणि शेवटी पुन्हा वीज. क्षीण संदेश अचूक टिपण्याचा हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सर जगदीशचंद्र बोस यांच्यासमोर होता.

बोस कोण होते?

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. कोलकाता आणि केंब्रिज येथे शिकून बोस १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ केल्याने त्यांनी ते नाकारले आणि तीन वर्षे बिनपगारी शिकवले. अखेर थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले.

त्यांनी काय शोधले?

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. लहर निर्माण करणे इतरांनाही जमत होते. कठीण होते ते ती टिपणे. त्या काळी धातूच्या किसाची नळी, म्हणजे ‘कोहेरर’, वापरत. एक संदेश आला की तिला टिचकी मारून पूर्ववत करावे लागे. बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून डिटेक्टर बनवला. तो प्रकाशालाही प्रतिसाद देत असे, म्हणून त्यांनी त्याची तुलना डोळ्याशी केली.

पेटंट घ्यायला ते नाखूश होते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला, २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणाच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक. बोस यांनी मात्र त्यातून पैसा मिळवला नाही.

केबलशी याचा संबंध काय?

अनेक घरांचे परतीचे संदेश तांब्याच्या केबलने जवळच्या ‘नोड’मध्ये येतात. तेथील लेझर त्यांचे प्रकाशात रूपांतर करतो, तो फायबरमधून नियंत्रण कक्षात पोहोचतो. तेथे फोटोडायोडवर प्रकाश पडला की त्याच्या तीव्रतेच्या प्रमाणात वीजप्रवाह वाहतो. आजचा फोटोडायोड गॅलेनाचा नसतो, पण प्रकाशाला अर्धवाहकाने विजेत उत्तर देणे हे तत्त्व तेच.

मग सगळे प्रकाश आधीच का एकत्र करत नाहीत?

अनेक नोडचे फायबर जोडून एकच डिटेक्टर लावला तर खर्च वाचेल. पण दोन लेझरच्या तरंगलांबी जवळजवळ सारख्या असल्या, तर डिटेक्टरवर त्यांच्या वारंवारतांच्या फरकाचा नवा विद्युत संकेत तयार होतो आणि मूळ संदेश गोंगाटात बुडतो. म्हणून प्रत्येक फायबरला वेगळा डिटेक्टर लावतात आणि विजेत रूपांतर झाल्यावर, पातळ्या सारख्या करून, संदेश एकत्र करतात.

तरीही एक अडचण उरते. एकत्र करताना सर्व नोडचा गोंगाटही जमा होतो. एका घरातील सैल जोडातून शिरलेला गोंगाट शेजाऱ्यांचेही अपलोड अडवू शकतो. त्यामुळे किती नोड एकत्र करायचे, यालाच मर्यादा ठेवावी लागते.

बोस यांचे पुढे काय झाले?

ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. तेथेही त्यांनी डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म हालचाल टिपणारी यंत्रे बनवली. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. रेडिओच्या इतिहासात मार्कोनींचे नाव पुढे राहिले. बोस यांच्या सूक्ष्मलहरींच्या प्रयोगांना ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये ‘माइलस्टोन’चा मान दिला. संदेश पाठवणाऱ्याचे नाव लवकर होते, टिपणाऱ्याचे उशिरा. जाळे चालते ते मात्र दोघांवर.