वसईचे बंधू गोन्सालो

६ फेब्रुवारीला मिस्सेत आपण संत पॉल मिकी व सोबती रक्तसाक्ष्यांचे स्मरण करतो. या 'सोबत्यां'त एक जण वसईकर होते, संत गोन्सालो गार्सिया. बोरिवलीहून विरार लोकल पकडली की अर्ध्या तासात त्यांचे गाव येते.

१५५७च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीयांच्या शाळेत ते शिकले आणि १५७२ साली, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. आठ वर्षे लोकांना धर्मशिक्षण दिले. मनात एकच होते, येशूसंघात प्रवेश मिळावा. पुन्हा पुन्हा विनंती केली, पण होकार आला नाही.

आम्हांला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. स्वतःविषयी मनात रंगवलेले चित्र दुसऱ्याने पुसून टाकले की माणूस कडवट होतो. गोन्सालो दुखावले, जपान सोडून व्यापारात शिरले. व्यापार चांगला चालला. तिथेच स्थिरावले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. पण आपण कोण, हे त्यांनी नकारालाही ठरवू दिले नाही आणि पैशालाही नाही. धंदा सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. (याच संघाचे साधू आपल्या मंडपेश्वरला त्यांच्या जन्माआधीपासून होते!)

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा दुभाषे म्हणून गोन्सालो सोबत गेले. दुभाष्याचे तोंड आपले, शब्द दुसऱ्याचे. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे स्वतःचा राग आणि स्वतःची हुशारी दोन्ही गिळावी लागते. क्योटोमध्ये या मंडळींनी कुष्ठरोग्यांची सेवाही केली.

१५९६च्या अखेरीस सारे पकडले गेले. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना भर थंडीत शेकडो किलोमीटर दूर नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. त्यांतले तिघे येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार उघडले नव्हते, त्याच्याच माणसांच्या रांगेत गोन्सालोंनी प्राण अर्पण केला. वय अवघे चाळीस.

पोप नववे पायस यांनी १८६२ साली त्यांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. वसईतील गासचे चर्च आज या बंधूंच्या नावाने ओळखले जाते.